वाचकांचे प्रश्न : विकत घेतलेली गेम आयडी परत हिसकावली, आता काय?

प्रश्न : मी जळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टेलिग्रामच्या एका ग्रुपवरून बीजीएमआय या गेमची आयडी १४ हजारांना घेतली. त्यात ग्लेशियर एम४१६ ही बंदुकीची स्किन होती, एक्स-सूट हा पोशाख होता. ग्रुपचा अ‍ॅडमिन मिडलमन होता, त्याने वेगळे ५०० घेतले. जीमेल हातात आल्यावर मी लगेच पासवर्ड बदलला आणि स्वतःचा नंबर टाकला. पाच दिवस खेळलो, सहाव्या दिवशी लॉगिनच होईना. विकणाऱ्याने ब्लॉक केलंय. अ‍ॅडमिन म्हणतो, माझी जबाबदारी डिलिव्हरीपर्यंतच. मित्र म्हणतात, पोलिसांत गेलास तर तूच अडकशील. पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : मित्रांनी घातलेली भीती आधी डोक्यातून काढा. बीजीएमआयची क्राफ्टन असो की फ्री फायरची गरेना, दोन्ही कंपन्यांच्या अटींनुसार आयडी विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ती अट तुम्ही मोडलीत, त्यामुळे कंपनी आयडी बंद करू शकते. पण अट मोडणं हा काही फौजदारी गुन्हा नव्हे. परत हिसकावून घ्यायचीच या इराद्याने आयडी विकून पैसे घेणं मात्र सरळ फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० खाली, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोटं नाव, खोटा फोटो लावून ऑनलाइन फसवलं असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागतं. तुमच्यासारखी मुलं लाजेपोटी गप्प बसतात आणि या लोकांचा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो.

आज हा अंक हातात असतानाच १९३० ला फोन लावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे गेले तिला निरोप जातो आणि खात्यात जे शिल्लक असेल ते रोखलं जातं. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर आशा बरीच जास्त होती. सहा दिवसांनी रक्कम दोन-तीन खाती फिरून एटीएममधून निघालेली असण्याचीच शक्यता मोठी. तरीही तक्रार कराच. त्याच खात्यावर आणखी चौघांच्या तक्रारी असतील तर तपास त्या खात्यापर्यंत पोचतो. रक्कम रोखली गेली, तर ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो.

पुरावे हाती येईपर्यंत एक पथ्य पाळा: अ‍ॅडमिनला शिव्या घालणारा मेसेज पाठवू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस स्वतःबरोबर तुमच्या बाजूचीही चॅट पुसू शकतो आणि युजरनेम तर कधीही बदलता येतं. आधी सगळ्या चॅटचे, दोघांच्या प्रोफाइलचे आणि ग्रुपमधल्या त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या. यूपीआय अ‍ॅपमधून प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक आणि ज्याच्या नावे पैसे गेले ते नाव उतरवून ठेवा. तक्रारीत मिडलमनला दिलेले ५०० रुपयेही लिहा. विकणारा आणि मिडलमन हे पुष्कळदा एकाच टोळीचे, कधी तर एकच माणूस असतात. पोलिसांसमोर तो दुवा येतो तो याच पाचशेच्या व्यवहारातून.

जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणं आहे. पण चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या माणसाने तिथंच जायला हवं असं नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. बँकेकडून भरपाईची आशा मात्र धरू नका. पिन तुम्हीच टाकलात, म्हणून रिझर्व्ह बँकेचे अनधिकृत व्यवहारांचे २०१७ चे नियम इथं लागत नाहीत.

आता, पासवर्ड बदलूनही आयडी गेली कशी? रिकव्हरी नंबर बदलला तरी गूगल पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर किंवा जुन्या मेलवर कोड पाठवण्याची सोय देऊ शकतं. तुमची आयडी सहाव्या दिवशी गेली यात मला नवल वाटत नाही. ते सात दिवस निघाले तरी बहुतेक कंपन्यांच्या कस्टमर केअरला पहिल्या खरेदीच्या पावत्या दाखवून मूळ मालक दावा लावू शकतो. गूगल प्लेच्या त्या पावत्यांवर ‘जीपीए’ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो. यूसी, म्हणजे गेममधलं चलन, घेतले तेव्हाच्या पावत्या विकणाऱ्याने आधीच दुसऱ्या मेलवर पाठवून ठेवलेल्या असतात आणि तुम्ही इनबॉक्स कितीही साफ केला तरी त्याच्याकडे त्या राहतात. याला या बाजारात ‘पुलबॅक’ म्हणतात. एकच आयडी अशी पाच-सहा जणांना विकता येते.

भाडेकरूने घर विकावं तसा हा व्यवहार आहे. विकणाऱ्याकडे मालकी नव्हतीच, तर तुमच्याकडे ती कुठून येणार? म्हणून तक्रारीत ‘आयडी परत द्या’ असं मागू नका, पैसे मागा.

यापुढे घ्यावी का, असं विचाराल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. ‘मेल सकट’, ‘फुल अ‍ॅक्सेस’, ‘पुलबॅक गॅरंटी’ यातल्या एकाही शब्दाला आधार नाही. ग्रुपमधले ‘ट्रस्टेड भाई’वाले अभिप्राय तेच लोक वेगवेगळ्या नावांनी टाकतात. व्हिडिओ कॉलवर आयडी दाखवली म्हणजे ती आज त्याच्या हातात आहे, एवढंच कळतं; उद्या तुमची राहील हे नाही. आयडी मुळात कुणाची तरी चोरलेली असली तर पोलिसांचे प्रश्न तुमच्याकडे येतील. गेमवर पैसे घालायचेच असतील, तर स्वतःच्या आयडीवर, गेमच्या आतल्या दुकानातूनच घाला.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे. फ्री फायर मॅक्सची ‘जुनी आयडी’ घेण्यासाठी त्याने माझ्या मोबाइलवरून आधी ५०० टोकन, मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’, मग ‘जीएसटी’ असे ८,५०० रुपये पाठवले. आयडी मिळाली नाही. आता तो माणूस म्हणतो, आणखी ३ हजार दे, नाहीतर फोटो व्हायरल करतो. मुलगा जेवत नाही. मिस्टरांना सांगायची भीती वाटते.
— एक आई, देवपूर, धुळे

उत्तर : ताई, पैशांचं नंतर बघू. आधी मुलाजवळ बसा आणि ‘तू फसवला गेलास, आपण दोघं मिळून निस्तरू’ हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये गेमची आयडी आणि यूसी घेण्यात घालवले. घरी रागावल्यावर तो चिठ्ठी ठेवून निघून गेला. अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात तो पोलिसांना सापडला, सुखरूप. रक्कम लहान असो वा मोठी, घरच्यांच्या रागाची धास्ती तेवढीच असते. मिस्टरांना आजच सांगा, पण मुलाच्या आधी तुम्ही सांगा. मुलगा फारच खचलेला वाटला तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

आता एक रुपयाही पाठवू नका. दिला की मागणी वाढते. धमकी देऊन पैसे मागणं ही न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे, तेव्हा १९३० वरच्या तक्रारीत धमकीचे मेसेज जोडा आणि फसवणुकीबरोबर तोही गुन्हा म्हणून लिहून घ्यायला सांगा. ‘तुझ्यावरच केस करतो’ असं तो म्हणाला असेल तर त्यात दम नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाचा करार मुळातच रद्दबातल असतो. मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ते ठरवून टाकलं.

बँकेकडे जाण्याआधी मनाची तयारी ठेवा: पिन मुलाला माहीत होता, तो घरातूनच गेला, म्हणून तोटा बँक उचलत नाही. पिन आजच बदला. फोन मुलाच्या हाती असतो, तर यूपीआय लाइट बंद करा, कारण त्यात लहान रकमेला पिन लागतच नाही. मुलाने फेसबुकचा किंवा जीमेलचा पासवर्ड त्या माणसाला दिला का, हेही विचारा. ‘लॉगिन चेक करतो’ म्हणून तो बहुधा मागितलेला असतो. दिला असेल तर पासवर्ड बदला आणि सेटिंगमध्ये जाऊन बाकी सगळ्या फोनवरून लॉगआउट करा.

प्रश्न : मी आयडी घेतली नाही, माझी स्वतःची विकली. १२ हजार खात्यावर आले. आठवड्याने बँकेने खातं गोठवलं. परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आहे म्हणतात. मी काय गुन्हा केला?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुमची आयडी घेणाऱ्याने ते १२ हजार तिसऱ्याच माणसाला फसवून, त्याच्याकडून थेट तुमच्या खात्यावर टाकून घेतले असणार. तुमच्या लेखी तो गिऱ्हाईक. तक्रारदाराच्या लेखी चोर तुम्ही. शाखेत लेखी अर्ज देऊन तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि वादातली नेमकी रक्कम मागा. मग त्या ठाण्याला ईमेलने तुमची चॅट, आयडी दिल्याचा पुरावा आणि ओळखपत्र पाठवा. फोनवर ‘पैसे टाका, खातं सोडतो’ म्हणणाऱ्याला काही देऊ नका. तो पोलीस असेलच असं नाही.

संपूर्ण खातं न गोठवता फक्त वादातले १२ हजार रोखा, अशी विनंती बँकेला आणि ठाण्याला दोघांनाही करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना असाच आदेश दिला होता. तो महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख केल्याने वजन पडतं. दाद मिळाली नाही तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल, त्यासाठी वकील लावा. आणि हे मिटेपर्यंत मित्राच्या खात्यावर दुसऱ्या आयडीचे पैसे मागवू नका. तेही खातं गोठेल आणि मग चौकशी दोन घरांत होईल.