उसना कोड

लहानसें संकेतस्थळ रचतांना प्रत्येक ओळ स्वतःच लिहावी, असा आमचा आग्रह नाहीं. इतरांनीं लिहिलेल्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, वापरल्यानें पुष्कळ श्रम वांचतात. परंतु उसनी वस्तु कोणाची व कितपत टिकाऊ, हें आधीं पाहिलें पाहिजे.

ता. २२ मार्च २०१६ ची गोष्ट बोधप्रद आहे. ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्यानें एनपीएम या सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यें भरणें, एवढेंच तिचें काम! तथापि बेबेलसारख्या प्रसिद्ध साधनांस ती परंपरेनें लागत असल्यामुळें, जिचें नांवही ठाऊक नव्हतें तिच्यावांचून अनेकांचें काम अडलें. सुमारें अडीच तासांनीं चालकांनीं ती पूर्ववत् केली.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं, दहा ओळींत होणारें काम स्वतः करावें; गुप्तलेखनासारखें कठीण काम मात्र जाणत्यांच्या लायब्ररीवरच सोंपवावें. परवाना वाचावा, आवृत्ति नेमकी नोंदावी, एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी, व सुरक्षिततेच्या दुरुस्त्या निघतांच त्या तपासून घ्याव्या. उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं. न पाहतां घेण्यांत आहे.