वीराची ओळख आप्तेष्टांच्या आठवणींतून
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास व भाषा यांचा जोडपाठ)

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेशी नाते नसलेले गाव क्वचितच आढळेल. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीने तर ते नाते आपल्या नावातच धारण केले आहे. पुष्कळ गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या वाटेवर नावे कोरलेली एखादी शिळा असते. २६ जानेवारी व १५ ऑगस्ट या दिवशी मुले तिला हार घालतात. दुसऱ्या दिवशी मात्र त्या शिळेवरील माणूस कोण होता असे विचारल्यास नाव व हुद्दा यांपलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. यात दोष मुलांचा नाही. त्यांच्याकडून नाव पाठ करून घेतलेले असते. माणसाची ओळख करून दिलेली नसते.

धारातीर्थी पडलेल्या अधिकाऱ्याची माहिती दोन ठिकाणी असते. एक सरकारी कागदांत. तो कोणत्या पलटणीत होता, कोणत्या तारखेस, कोठे व कसा लढला, कोणते पदक मिळाले, हे तेथे नेमके मिळते, आणि या बाबतीत त्या कागदावरच भिस्त ठेवावी. दुसरी माहिती त्याची पत्नी, भावंडे, मुले व शाळासोबती यांच्याजवळ असते, आणि ती कोणत्याही दप्तरात नसते. प्रस्तुत पाठाचा विषय ही दुसरी माहिती आहे. परंतु पहिलीचा आधार सोडून ती गोळा करू नये.

उदाहरणादाखल शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कर्नल संतोष महाडीक यांचे चरित्र घ्यावे. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९७७ रोजी साताऱ्याजवळच्या पोगरवाडी या लहानशा गावी झाला. जन्माचे आडनाव घोरपडे. आजोळी दत्तक गेल्यामुळे ते महाडीक झाले. सख्ख्या भावांची आडनावे निरनिराळी कशी, असा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतोच. तो विचारू द्यावा. अशाच प्रश्नातून घराण्याची गोष्ट उलगडू लागते.

त्यांचे शिक्षण साताऱ्याच्या सैनिकी शाळेत झाले. १९६१ साली स्थापन झालेली ही शाळा देशातील सैनिकी शाळांपैकी पहिली. पुढे ते २१ पॅरा या विशेष दलात अधिकारी झाले. मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण असलेले हे दल असल्याने बेळगावच्या केंद्राशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या आपल्या भागातील कुटुंबांना त्याचे नाव परके वाटणार नाही. ईशान्येकडील कामगिरीबद्दल २००३ साली त्यांना सेना पदक मिळाले. काश्मीरमध्ये ४१ राष्ट्रीय रायफल्स या दलाचे नेतृत्व करीत असता १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा जिल्ह्यातील जंगलात अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत ते आघाडीवर राहून लढताना जबर जखमी झाले व त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र देण्यात आले. सरकारी कागद येथे संपतो.

यापुढचे सोबत्यांनी व घरच्यांनी सांगितलेले. शाळेतील सोबत्यांना आठवतो तो फुटबॉलच्या मैदानावरील गोलरक्षक. मुलांना ही एक गोष्ट सांगितली तरी पुरे. गोलरक्षकाचे काम काय, हे त्यांना समजावून द्यावे लागत नाही. पत्नी स्वाती महाडीक यांनी सांगितलेली आठवण याहून खोल आहे. पतीचे पहिले प्रेम त्यांच्या गणवेशावर व पलटणीवर होते, असे त्या सांगत, आणि म्हणूनच तो गणवेश आपण अंगावर घालावा असा निश्चय त्यांनी केला. त्या शिक्षिका होत्या. पदरी दोन लहान मुले होती. भरतीच्या वयाची मर्यादाही उलटून गेली होती. सरकारने वयाची अट शिथिल केली. निवडमंडळाच्या परीक्षेत मात्र कोणतीही सवलत नव्हती. ती उत्तीर्ण होऊन, चेन्नईच्या प्रशिक्षण प्रबोधिनीत वयाने कितीतरी लहान असलेल्या मुलींबरोबर सुमारे अकरा महिने कष्ट करून, ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

ही हकीकत सांगताना शिक्षकाचा स्वर नकळत चढतो. तो चढू देऊ नये. ‘सिंहासारखा लढला’, ‘पर्वतासारखा उभा राहिला’ ही वाक्ये कोणत्याही वीरास लावता येतात, आणि त्यामुळेच ती कोणाचीच ओळख करून देत नाहीत.

दुसरे उदाहरण लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे. चौथीची मुले शिवचरित्र वाचीत असतातच. तारापोरांच्या घराण्यात अशी परंपरा सांगतात की, त्यांचे पूर्वज रतनजीबा हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते व इनाम मिळालेल्या गावांतील तारापूरवरून हे आडनाव आले. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. शालेय शिक्षण पुण्यास. लहानपणची घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी : सहा वर्षांचा असताना दावे तोडून सुटलेली गाय बहिणीच्या अंगावर धावली, तेव्हा हा मुलगा मध्ये उभा राहिला व त्याने गाईच्या नाकावर प्रहार केला. ग्रामीण मुलांना या गोष्टीची किंमत शहरातील मुलांपेक्षा अधिक कळेल.

१९६५ च्या युद्धात ते पूना हॉर्स या रणगाडा दलाचे प्रमुख होते. ११ सप्टेंबर रोजी फिल्लोराच्या आघाडीवर जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत, आणि १६ सप्टेंबर रोजी बुत्तूर डोग्रांडी येथे त्यांना मरण आले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. शत्रूचे साठ रणगाडे नष्ट झाले व आपले नऊ गमावले, असे प्रशस्तिपत्रात नमूद आहे. पण वर्गात खरा उपयोग होतो तो त्यांनी लढाईपूर्वी मेजर चीमा या सहकाऱ्यास केलेल्या निरवानिरवीचा. मी पडलो तर रणभूमीवरच दहन करावे. प्रार्थनेचे पुस्तक आईस द्यावे, सोन्याची साखळी पत्नीस, अंगठी मुलीस, हातातील कडे व फाउंटन पेन मुलास. दहन ही पारशी धर्मातील रूढ रीत नव्हे. तरीही त्यांच्या इच्छेप्रमाणे रणभूमीवर तेच झाले. या वस्तूंची नावे फळ्यावर लिहून, कोणती वस्तू कोणास व का दिली असेल, एवढाच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मग काही वेळ शिक्षकाने स्वस्थ बसावे. प्रार्थनेचे पुस्तक आईकडे का गेले, हे सांगण्यास नऊ वर्षांच्या मुलास मदत लागत नाही.

यानंतर मुलांनी आपल्या गावातील शिळेकडे वळावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून व ग्रामपंचायतीकडून हुद्दा, दल व तारखा यांची खात्री शिक्षकाने आधी करून घ्यावी. कुटुंबाची परवानगीही शिक्षकानेच, एकट्याने जाऊन, घ्यावी. नकार मिळाल्यास पुन्हा विचारू नये. होकार मिळाल्यास तीन-चारच मुले न्यावीत. सबंध वर्ग नेल्यास त्या घरास सभेचे रूप येते व आई दोन वाक्ये बोलून गप्प बसते. ‘ते कसे मेले?’ हा प्रश्न मुलांच्या यादीत असता कामा नये. सुट्टीवर आले म्हणजे प्रथम कोणाकडे जात, पत्रात काय लिहीत, कशास हसत, शेतातले कोणते काम आवडे, कोणती वस्तू घरात जपून ठेवली आहे, असे प्रश्न असावेत. प्रत्येक आठवणीखाली सांगणाराचे नाते लिहावे. थोरला भाऊ एक सांगेल, मित्र दुसरे सांगेल, दोन्ही लिहावे. कोणाचे खरे याचा निवाडा करणे हे शाळेचे काम नव्हे. तारखेत मात्र तफावत पडल्यास कागद प्रमाण मानावा.

सर्वांत जपावयाची गोष्ट वेगळीच आहे. वर्गातच अशा घरातील मूल असू शकते. इतर मुले उत्साहाने बोलू लागतात, टाळ्या होतात, आणि ते मूल बाकाच्या कडेकडे पाहत राहते. त्याला उभे करून ‘याचे वडील’ असे सांगणे हा गौरव नव्हे. पाठाच्या आधी त्याच्या आईशी किंवा आजोबांशी बोलावे, व मुलाला काही सांगावयाचे आहे काय हे एकांतात विचारावे. तो नाही म्हणाल्यास त्या दिवशी त्याला चित्र काढण्याचे किंवा वही बांधण्याचे काम द्यावे. कधी कधी असे मूल काही दिवसांनी आपण होऊन एखादा फोटो किंवा जुने घड्याळ घेऊन येते. ते कोणत्याही वेळी आले, गणिताचा तास चालू असला, तरी पाटी बाजूला ठेवावी व ऐकावे.

वही पूर्ण झाली म्हणजे शुद्धलेखन तपासून तिची एक प्रत प्रथम त्या कुटुंबास वाचावयास द्यावी. त्यांनी एखादी ओळ गाळण्यास सांगितल्यास कारण न विचारता ती गाळावी. त्यानंतरच वही शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि पुढील वर्षीच्या वर्गासाठी तिच्या शेवटी काही पाने कोरी सोडावीत.