गरवायला रॉड-रील घेताना

मैत्रिणींनो, पर्यटकांना होडीतून गरवायला न्यायचं गटानं ठरवलं, तर रॉड आणि रील घ्यावे लागतात. पैसा कर्जाचा असतो, म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं बघा.

१. लांबी : होडीत जागा कमी. ६ ते ७ फुटी रॉड पुरतो. १०-१२ फुटी रॉड किनाऱ्यावरून लांब फेकायला असतो.

२. जोडी : किती ताकदीचा तंगूस चालेल ते रॉडवर छापलेलं असतं. त्याहून जाड तंगूस लावला तर मोठ्या माशाच्या ओढीनं रॉडच मोडतो.

३. रील : नवख्या माणसाला स्पिनिंग रील सोपं, ४००० नंबरचं चालतं. खाऱ्या पाण्यासाठीचं आहे ना, हे विचाराच.

४. ड्रॅग : मासा जोरात ओढू लागला की तंगूस सुटू देणारा हा स्क्रू. १० किलोचा तंगूस असेल, तर अडीच-तीन किलोच्या ओढीला सुटायला हवा. ताणकाटा बांधून ओढून बघा.

५. निगा : रोज परतल्यावर गोड्या पाण्यानं हलकं धुवा, पुसा, ड्रॅग सैल करा. मिठानं रील धरलं, तर हप्ते राहतात आणि रील जातं.

पुढच्या बैठकीत ठरवा : धुण्याची पाळी कोणाची? वहीत लिहूनच ठेवा.