टायगरची हजेरी

आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन बंगळुरूला गेलं, तेव्हा त्यांच्या घरातल्या जिवंत गोष्टींची सोसायटीत वाटणी झाली. तुळस तळमजल्यावर गेली, मनीप्लँट जिन्यात राहिला आणि पक्षी आमच्याकडे आला. हिरवा बजरीगर, लाडाचं नाव बजी. पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, तो. मानेवर आणि पंखांवर काळे पट्टे, म्हणून त्यांच्या धाकट्यानं नाव ठेवलं होतं टायगर. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला या पस्तीस ग्रॅमच्या टायगरनं काय काय शिकवलं, त्याची ही टिपणं. याला मार्गदर्शन म्हणू नका. मला अजून त्याच्या नजरेला नजर भिडवता येत नाही, कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत.

१. माया दाखवायच्या आपल्या बहुतेक पद्धती हाताच्या असतात. मूल दिसलं की गालगुच्चा, कुत्रं दिसलं की डोक्यावरून हात. बजीच्या लेखी मात्र वरून आलेला हात म्हणजे ससाणा. त्याच्या पूर्वजांचा मृत्यू आभाळातूनच यायचा, आणि आमच्या दिवाणखान्यात आभाळ नसलं तरी भीती शाबूत आहे. म्हणून पिंजरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून ठेवायचा आणि शेजारी बसून आपलं काम करायचं. मी मोठ्यानं पेपर वाचायचो. अग्रलेख चालू असताना एकदा तो निवांत पिसं साफ करू लागला. बायको म्हणाली, "चला, या घरात तुमचं कुणीतरी ऐकतंय." पुढे कधीतरी राळ्याचं कणीस धरून पिंजऱ्यात हात नुसता ठेवला, छातीच्या पातळीवर, न हलवता. तो आला आणि बोटावर चढला. पोपटाच्या जातीचे पाय, दोन बोटं पुढे, दोन मागे. वजन असं जाणवलंच नाही. जाणवली ती ऊब.

२. घर स्वच्छ आहे हा आमचा अभिमान फरशीपुरता होता. हवेचा विचार कुणी केलाच नव्हता. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. त्यामुळे तो हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा चांगला शोषतो, आणि विषही. कोळशाच्या खाणीत माणसं कॅनरी घेऊन उतरत, ती उगाच नाही. नॉनस्टिक तवा रिकामाच जास्त तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, आणि पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, मिरचीच्या फोडणीचा ठसका: यादी वाचताना वाटलं, ही तर आमच्या घराची ओळख आहे. आईशी वाटाघाटी झाल्या. तुपाचं निरांजन राहिलं, उदबत्ती बंद झाली, कापूर गॅलरीत गेला. "देवाला मी समजावते," ती म्हणाली. तवा पुन्हा लोखंडी आला आणि डोसे चिकटू लागले. माझा सकाळचा जुना खोकला मात्र कमी झाला. त्याबद्दल मी टायगरचे आभार मानले नाहीत; घरात ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती.

३. भरलेली वाटी रिकामी असू शकते. बजी प्रत्येक दाणा सोलून खातो आणि साल तिथेच टाकतो. राळा (दुकानात कांगणी म्हणून मागावा लागतो) सकाळी घातला, तर संध्याकाळीही वाटी काठोकाठ दिसते. नवख्यांच्या घरी पक्षी असे भरल्या वाटीसमोर उपाशी बसतात. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. व्हिडिओ बघून मी पानंच्या पानं भरली होती. पण वाटीत बोट फिरवायचं सुचलं ते आईला, पहिल्याच सकाळी. "अरे, हा नुसता कोंडा आहे," ती म्हणाली. जिचं बालपण सुपाशेजारी गेलं, तिला व्हिडिओ लागत नाही. आता रोज दोन वेळा वाटीवर फुंकर मारायचं काम माझ्याकडे आहे. कोंडा चष्म्यावर बसतो.

४. पाहुण्याला आपण वाढतो ते बरेचदा आपल्या आठवणीतलं असतं. आईच्या माहेरच्या वाड्यात राघू होता. पेरू, भिजवलेली डाळ, हिरवी मिरची हा त्याचा खुराक. तसा राघू आज घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बजी परका, म्हणून पाळता येतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागात पाऊस पडेल तिकडे त्याचे थवे भटकतात आणि गवताचं बी टिपतात. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञानं १८४०च्या सुमारास काही जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे ते जगभरच्या घरांत पोचले. म्हणजे हा माळरानाचा जीव, आमराईचा नव्हे. मिरचीचं बी त्यानं शांतपणे चावून पाहिलं. पक्ष्यांना तिखट लागत नाही, त्यामुळे आईला हवा तो परिणाम झाला नाही. मेथीची ओली जुडी ठेवली, तर ती खायच्या आधी तो तीत लोळला. पानांवरच्या पाण्यानं अंघोळ करण्याची या पक्ष्यांची रीतच आहे, आणि आम्ही त्याच्या पुढ्यात जेवण म्हणून न्हाणीघर ठेवलं होतं. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, खारट फरसाण वर्ज्य. कॅल्शियमसाठी आणि चोच झिजवायला समुद्रफेस. तो आईच्या ओळखीचा निघाला. लहानपणी कान दुखला की त्याचं चूर्ण घरात असायचं म्हणे.

५. पक्षी आजार सांगत नाही, लपवतो. थव्यात जो अशक्त दिसेल त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. म्हणून पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होणारा बजी दिसला, तर बराच उशीर झालेला असतो. तेव्हा सुरुवातीलाच एकदा तपासून घ्यावं असं ठरलं. आमच्या भागातले दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. शेवटी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय गाठलं. जुने मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. डोंबिवलीहून दुपारच्या लोकलमध्ये, भोकं पाडलेला खोका मांडीवर घेऊन. आतून आवाज येईपर्यंत शेजारच्याला त्यात मिठाई असल्याची खात्री होती. डॉक्टरांनी चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी पाहिली. मोठ्या नरात ती सहसा निळी असते, मादीत तपकिरी. "टायगर मुलगी आहे," ते म्हणाले. आम्ही नाव बदललं नाही. पट्टे होते तसेच आहेत. त्यांनी एक सवय लावली, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिचं वजन करायचं. तीन-चार ग्रॅम उतरले तर तो तिच्या वजनाचा दहावा हिस्सा असतो. माझे सात किलो वाढले तेव्हा घरात कुणी वही घातली नव्हती.

६. "बोलतो का?" हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर नकारार्थी आलं की टायगरची पत उतरते. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीला १,७२८ शब्द येत होते, अशी गिनेस बुकात नोंद आहे. ही माहिती मी सांगतो आणि तिची पत आणखी उतरते. खरं तर बोलण्यात नर पुढे असतात. माद्या क्वचितच शब्द उचलतात. आईनं रोज पूजेच्या वेळी "रामराम" म्हणून पाहिलं. टायगर मान तिरकी करून ऐकायची आणि मग नळ सोडला की त्या धारेबरोबर भरभरून बडबडायची. भांडी घासायच्या वेळी तिचा आवाज टिपेला लागतो. तिला भाषा शिकवायचा नाद आम्ही हळूहळू सोडला, तेव्हा तिची ऐकू यायला लागली. झोपण्यापूर्वी ती चोचीची वरची-खालची बाजू एकमेकींवर घासते. बारीक करकर येते. ते समाधान आहे. याला शब्द कशाला हवा होता?

७. उडणाऱ्या जिवाच्या बाजूनं पाहिलं, तर आपलं घर सापळ्यांनी भरलेलं आहे. छताचा पंखा, बंद खिडकीची काच, मोठा आरसा, भरलेली बादली, गॅसवरचं पातेलं. गॅलरीच्या ग्रिलवर कावळे टपलेले, म्हणून पिंजराही तिथे एकटा ठेवता येत नाही. पंख कापून टाका, हा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही पंखाच बंद ठेवायचं ठरवलं. रोज तासभर दारं-खिडक्या लावून तिला मोकळं सोडायचं. तो तास मे महिन्यात डोंबिवलीत कसा जातो, ते वर्णनापलीकडचं आहे. चार भिंतींत घामाघूम माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली आणि त्यांच्या डोक्यावरून एक हिरवी रेघ गरगर फिरतेय. ती उतरते ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर. लाकूड आणि कागद कुरतडण्यात माद्या तरबेज असतात. ज्येष्ठातली एकादशी तिनं खाऊन टाकली. आईनं उपवास शेजारी विचारून केला.

८. आम्ही घरात ओरडून बोलतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बजीला दहा-बारा तास अंधाराची, शांत झोप लागते. रात्री पिंजऱ्यावर सुती कापड टाकायचं, हवेला एक बाजू उघडी ठेवून. अंधारात भांडं पडलं तरी ती दचकून तारांवर आपटते, म्हणून एक मिणमिणता दिवा. कापड पडलं की आम्ही हळू बोलू लागलो, आणि हळू आवाजात भांडण नीट होत नाही असं लक्षात आलं. मालिका आईनं स्वतःहून बंद केल्या. कारण विचारलं तर म्हणाली, "आवाज कमी केला की त्यांच्यात काही राहतच नाही."

९. ती माझ्यावर प्रेम करते का, हे मला माहीत नाही. ती मला मोजते, एवढं नक्की. मी दुसऱ्या खोलीत गेलो की एक ठरावीक आखूड हाक येते. मी शीळ घातली की ती गप्प. थव्यात पक्षी नजरेआड झाले तरी अशा हाकांनी एकमेकांचा ठाव ठेवतात. एकत्र राहणाऱ्या बजींच्या हाका हळूहळू एकमेकींसारख्या होतात, आणि जोडी जमली की नर मादीच्या हाकेची नक्कल करायला शिकतो, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. त्यांच्यात एकाची जांभई दुसऱ्याला लागते, हेही प्रयोगात दिसलं आहे. हे वाचल्यावर माझी शीळ मला फारच तोकडी वाटायला लागली. मी दिवसभर ऑफिसात असतो. तेव्हा ती कुणाला हाक मारते? दुसरा बजी आणला तर तो तिच्याशी तिच्या भाषेत बोलेल, आणि मग तिला माझ्या बोटाची फारशी गरज उरणार नाही. एकटी ठेवली तर ती माझी राहील. प्रश्न असा समोर मांडल्यावर आपल्या प्रेमात स्वार्थ किती, याचा हिशेब आपोआप होतो, आणि हिशेब हे तर माझं कामच. शेवटी ठरलं. ठाण्यातल्या एका कुटुंबाला त्यांचा निळा नर कुणाला तरी द्यायचा आहे. तो आमच्याकडे येणार. आधी महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाटीत, काही आजार नाही ना याची खात्री होईपर्यंत. मग शेजारी पिंजरा, मग ओळख. पिंजऱ्यात मडकं टांगायचं नाही हेही ठरलंय, नाहीतर वर्षभरात सोसायटीची सभा बोलवावी लागेल. माझी हजेरी आता दुसऱ्या नंबरावर जाणार, याची तयारी मी चालवली आहे. आई समजूत काढते, "सून आली की मुलगा लांब जातो म्हणून आम्ही रडलो. तुझ्याकडे जावई येतोय. कोंडा तरी तूच फुंकायचास ना?"