हत्यारांसाठी चाकांची घोडी

फुलंब्री भागात कापूस व मका ही खरिपाची मोठी पिके होत. मृगाच्या तोंडावर पेरणीयंत्राचा फण वाकला अथवा रोटाव्हेटरचे पाते सैल झाले, की शेतकऱ्यास वेल्डिंगच्या दुकानी खेपा घालाव्या लागतात. आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. ज्यांनी शेगडा, ग्राइंडर व वेल्डिंग यंत्र घरीच घेतले आहे, त्यांची अडचण निराळी असते. हत्यारे खोलीत असतात आणि मोडलेले अवजड अवजार अंगणात. रोटाव्हेटर खोलीत नेता येत नाही, म्हणून हत्यारासच त्याच्यापाशी जावे लागते. यास्तव चाकांची घोडी करून घ्यावी.

परंतु चार पायांना चार फिरती चाके लावली म्हणजे काम झाले, असे समजू नये. लहान चाक फरशीवर ठीक चालते. मुरमाच्या किंवा सारवलेल्या अंगणात ते रुतते. शिवाय शेगड्यातील लोखंडावर कानस जोराने चालविली, की घोडी मागे सरकते. ग्राइंडर चालू असता ती सरकली तर बोटे जाण्यास क्षण पुरतो. चाकांच्या खिट्टीत माती बसते, तेव्हा तिच्यावरही विसंबू नये. काम करताना सगळा भार पायांवरच असावा.

यासाठी ४० × ४० × ५ मि.मी. मापाचा लोखंडी अँगल घ्यावा. त्याचे वजन मीटरला सुमारे ३ किलो भरते. पाय खाली किंचित फाकवून प्रत्येकाखाली पत्र्याचा जाड चौकोनी तुकडा जोडावा, म्हणजे ते मातीत शिरत नाहीत. भंगारातील रबरी धावेची, निदान २० सें.मी. व्यासाची दोनच चाके एका बाजूच्या पायांच्या बाहेर बसवावीत. घोडी उभी असता ती जमिनीपासून १२ मि.मी. अधांतरी राहिली पाहिजेत. समोरच्या बाजूस दोन मुठी असाव्यात. मुठी उचलल्या की चाके टेकतात, आणखी उचलल्या की सर्व पाय सुटतात. मुठी खाली ठेवताच घोडी पुन्हा पायांवर उभी राहते. हे जोडकाम गावातील तरुणास सहज शिकता येते. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने ग्रामीण मुलांस असली कामे प्रत्यक्ष करून शिकविली आहेत.

शेगड्याचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच असावा. वेल्डिंग यंत्र तळच्या फळीवरच ठेवावे. जड वस्तू वर गेली, की घोडी चढउतारावर कलंडते. ग्राइंडरचे चाक झिजेल तसा त्याचा टेका पुढे घ्यावा. दोहोंतील फट ३ मि.मी.हून जास्त नसावी.

घोडीच्या लोखंडी सांगाड्यास अर्थिंग दिलेच पाहिजे, आणि घरच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. वायरची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

चाके आली की हत्यार कोठेही नेता येते, आणि मोठा धोका तोच आहे. वेल्डिंगची ठिणगी १० मीटरपलीकडे उडू शकते. कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग व घरात भरलेला कापूस यांपासून त्याहून अधिक दूर, वाऱ्याची दिशा पाहूनच घोडी उभी करावी आणि जवळ घमेलेभर वाळू ठेवावी. कापसात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, आतल्या आत धुमसत राहते. म्हणून काम संपल्यावर निदान अर्धा तास कोणीतरी तेथे थांबावे.