नॉनस्टिक तवा आणि मुलांची लस

प्रश्न : नॉनस्टिक तव्यातल्या ‘कायमच्या रसायनां’मुळे मुलांच्या लसी निकामी होतात म्हणे. खरं का?

उत्तर : निकामी नाही, पण असर उणावू शकतो. फेरो बेटांवरच्या मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी रक्तात ही फ्लोरिनयुक्त रसायनं दुप्पट असतील, तर सातव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाविरुद्धची प्रतिपिंडं जवळपास निम्मीच दिसली. (तिथे पायलट व्हेलचं मांस खातात, त्यातूनही ही रसायनं पोटात जातात.) कार्बन-फ्लोरिनचा बंध महाचिवट, यातली काही रसायनं शरीरात निम्मी व्हायलाच वर्षं लागतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये यातल्या चार रसायनांची मिळून साप्ताहिक मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम ठरवली, ती लसीवरच्या याच परिणामावरून. तव्यापेक्षा दूषित पाणी आणि मासळीची वाट मोठी. तरी खरवडलेला तवा मी तरी ठेवणार नाही. लस मात्र चुकवू नका.