गर्दी भरपूर, तरी मालिका बंद! चालत्या धंद्याचं शटर का पडतं?



आज एक सरळ प्रश्न. दुकान नऊ वर्षं जुनं आहे, नाव झालंय, गिऱ्हाईकही येतंय. असं दुकान अचानक बंद होऊ शकतं का? तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक आहे तोवर कशाला बंद होईल? अमेरिकेतल्या टीव्हीच्या धंद्यात नेमकं हेच झालंय. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण हिशोब इथे मांडतोय.

१९७१ साली काय झालं?

सिटकॉम म्हणजे दर आठवड्याला अर्धा तास लागणारी विनोदी मालिका. तीच माणसं, तेच घर, रोज नवा गोंधळ. सीबीएस या मोठ्या चॅनलवर गावाकडच्या माणसांच्या अशा मालिका जोरात चालायच्या. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ १९६२ मध्ये सुरू झाली आणि पहिली दोन वर्षं देशात पहिल्या नंबरावर होती. ‘ग्रीन एकर्स’मध्ये शहरातला वकील शेती करायला गावात येतो. ‘मेबेरी आर.एफ.डी.’ तर पूर्ण छोट्या गावाचीच गोष्ट.

१९७१ मध्ये सीबीएसने या तिन्ही मालिका एका झटक्यात काढून टाकल्या. ‘हिलबिलीज’चा नंबर घसरला होता हे खरं. पण ‘मेबेरी’ शेवटच्या वर्षीसुद्धा देशात १५ व्या नंबरावर होती. मग ती का गेली?

कारण १: बघणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा

टीव्ही बघणारा माणूस चॅनलला पैसे देत नव्हता. पैसे द्यायचा जाहिरातदार. त्याला हवा होता शहरातला, तरुण, नवनवीन वस्तू घेणारा प्रेक्षक. गावाकडच्या मालिका बघणारे लोक भरपूर होते, पण त्यात वयस्कर आणि ग्रामीण जास्त. म्हणजे गर्दी मोठी, पण त्या गर्दीला भाव कमी.

हेच आपल्या दुकानात बघा. एक मोठं गिऱ्हाईक महिन्याला १,००,००० चा माल नेतं, मार्जिन ६ टक्के, पैसे ९० दिवसांनी. तुम्हाला सुटतात ६,०००. दुसरीकडे किरकोळ गिऱ्हाइकं मिळून ३०,००० चा माल नेतात, मार्जिन २२ टक्के, सगळं रोख. सुटतात ६,६००. गल्ल्याजवळ उभं राहून बघितलं तर पहिलं गिऱ्हाईक मोठं वाटतं. वही उघडली की चित्र बदलतं.

सीबीएसने वही उघडली होती. त्याच सुमारास आणलेली ‘ऑल इन द फॅमिली’ पुढे सलग ५ वर्षं देशात पहिली राहिली. चॅनलच्या बाजूने बघितलं तर हिशोब चुकला नाही.

कारण २: रॅक दुसऱ्याचा

आता मालिकेच्या बाजूने बघा. माल तुमचा, पण मांडायची जागा दुसऱ्याची. जागावाल्याचं गणित बदललं की तुम्ही बाहेर.

‘लास्ट मॅन स्टँडिंग’चं असंच झालं. एबीसी चॅनलने २०१७ मध्ये ६ सीझननंतर ती बंद केली. प्रेक्षक चांगले होते, पण ती बनवत होती दुसरी कंपनी. एबीसी ती विकत घेत होती. जुना माल महाग पडायला लागला की दुकानदार आधी बाहेरचा ब्रँड काढतो, तसंच हे. पण बनवणाऱ्या कंपनीच्याच घरातलं फॉक्स चॅनल होतं. २०१८ मध्ये मालिका तिथे गेली आणि आणखी ३ सीझन चालली.

१९७१ मधलंच अजून एक उदाहरण घ्या. सीबीएसने ‘ही हॉ’ हा गाणी-विनोदाचा गावरान कार्यक्रमही काढला होता. त्याच वर्षी सरकारी नियम लागू झाला: मोठ्या चॅनलांनी संध्याकाळच्या मुख्य वेळेतला काही वेळ स्थानिक स्टेशनांना सोडायचा. चॅनलचा रॅक लहान झाला, पण स्टेशनांना माल हवा झाला. ‘ही हॉ’वाल्यांनी आपला कार्यक्रम एकेका स्टेशनला थेट विकला आणि पुढे वीसेक वर्षं चालवला. गिऱ्हाईक तेच होतं. फक्त तिथे पोचायची वाट बदलली.

एकाच ऑनलाइन ॲपवर, एकाच शाळेच्या ऑर्डरवर किंवा एकाच कंपनीच्या एजन्सीवर धंदा उभा असेल, तर दुसरी वाट आत्ताच तयार करा. नोटीस आल्यावर वेळ मिळत नाही.

कारण बरोबर, पद्धत चुकीची

‘द जेफरसन्स’ ही एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानदाराच्या कुटुंबाची मालिका. ११ सीझन, २५३ भाग. १९८५ पर्यंत प्रेक्षक घटले होते, त्यामुळे बंद करणं समजू शकतं. पण निरोपाचा भागच केला नाही. दहा वर्षं साथ दिलेल्या कलाकारांना आणि प्रेक्षकांना नीट रामराम करायची संधी मिळाली नाही.

आपणही कधीतरी जुनी सेवा बंद करतो, जुना सप्लायर बदलतो, घरपोच डिलिव्हरी थांबवतो. बंद करा, हरकत नाही. पण महिनाभर आधी सांगा, उरलेला हिशोब चुकता करा आणि दुसरीकडे कुठे मिळेल तेही सांगा. त्या माणसाला आपल्याकडे दुसऱ्या कामासाठी परत यायचं असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा. पाच मोठी गिऱ्हाइकं लिहा.
२. प्रत्येकासमोर तीन आकडे लिहा: एकूण सेल, हातात सुटलेले पैसे, पैसे यायला लागलेले दिवस.
३. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उद्या बंद झालं, तर भाडं आणि पगार किती महिने निघतील?

तिसऱ्याचं उत्तर तीन महिन्यांपेक्षा कमी आलं, तर आधी त्याच कामाला लागा. नवीन बोर्ड, नवीन फर्निचर नंतर.

भेटू पुढच्या भागात. वही घेऊन बसा!